एकदाच उमटलेला धूर

पोस्टकार्डाहून थोडंसंच मोठं चित्र. रुंदी १६ सेंटिमीटर, उंची १२. रंग एकच, काळा. विषय त्याहून साधा: कारखान्यांचा धूर. फ्रेंच चित्रकार एदगार देगा याने १८७७ ते १८७९च्या दरम्यान केलेलं हे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. बॅलेच्या नर्तकी आणि शर्यतीचे घोडे यांनी भरलेल्या त्याच्या पसाऱ्यात ते सहज नजरेआड व्हावं. माझ्या मनात मात्र त्याने घर केलं आहे, कारण मोनोटाइप म्हणजे काय हे इतक्या थोडक्यात उलगडून दाखवणारं दुसरं चित्र मला ठाऊक नाही.

छापखान्यात वावरलेल्यांना मोनोटाइप म्हटलं की छपाईच्या अक्षरांचे खिळे पाडणारं यंत्र आठवेल. चित्रकारांचा मोनोटाइप निराळा. लाकडाच्या ठशात किंवा एचिंगच्या पत्र्यात चित्र कोरलेलं असतं. पुन्हा शाई लावली की तेच चित्र पुन्हा निघतं. मोनोटाइपच्या पत्र्यावर काहीच कोरलेलं नसतं. गुळगुळीत पत्र्यावर तेलकट शाईने चित्र काढायचं, नाहीतर सगळा पत्रा शाईने माखून त्यातून उजेड पुसून काढायचा. कंदिलाच्या काजळी धरलेल्या काचेवर लहानपणी ज्याने बोटाने रेघ ओढली असेल, त्याला ही दुसरी रीत वेगळी समजावून सांगायला नको. मग शाई ओली आहे तोवर वर दमट कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून फिरवायचा. चित्र कागदावर येतं आणि पत्रा जवळजवळ रिता होतो.

जिनोआच्या कास्तिल्योने या चित्रकाराने १६४०च्या दशकात ही रीत वापरली होती. देगाला ती १८७०च्या दशकात लपिक या मित्राच्या संगतीत गवसली. नृत्यशिक्षक दाखवणाऱ्या त्यांच्या एका मोनोटाइपवर दोघांचीही सही आहे. पुढे देगाने तीनशेच्या आसपास मोनोटाइप केले.

आता धुराकडे पाहू. इथे कारखाना जवळपास नाहीच. भिंती नाहीत, माणसं नाहीत. धुराड्यांची जेमतेम चाहूल आहे. चित्राची सगळी जागा धुराने घेतली आहे. धूर काढणं अवघड, कारण त्याला कड नसते. पेन्सिलीने काढायला गेलो तर पहिल्याच रेघेला तो घट्ट होतो, कापसाचा गोळा होऊन बसतो. देगाने रेघ टाळली. शाई पसरली, ओढली, पुसली. जिथे ती दाट राहिली तिथे काजळीचं ओझं जाणवतं. जिथे विरळ झाली तिथे कागदाचा पांढरेपणा आतून श्वास घेतो. तोच पांढरेपणा आभाळ आहे आणि तोच धुरात अडकलेला उजेडही. दोन्हींच्या मधली सीमा शोधू गेलं की डोळा हरतो. खऱ्या धुराकडे टक लावल्यावरही नेमकं हेच होतं.

यात दाबयंत्राचाही वाटा आहे. दाब पडला की ओली शाई थोडी सरकते, पसरते. किती, ते चित्रकाराला आधी पुरतं कळत नाही. शेवटचा फराटा त्याच्या हाताबाहेरचा असतो. माणसाच्या चेहऱ्यात हे बिघाड ठरेल. धुरात ते खरेपण ठरतं. धुराड्यातून सुटलेल्या धुरावर तरी कुणाचा ताबा असतो?

हा विषय देगाला अचानक सुचलेला नव्हता. त्याच्या टिपणवहीत धुरावर एक मालिकाच करायची नोंद आहे: विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा धूर, आगगाडीच्या इंजिनांचा, उंच धुराड्यांचा, बोटींचा, पुलाखाली दबून जाणारा. त्याच सुमारास, १८७७ साली, चित्रकार मोने पॅरिसच्या सँ-लाझार रेल्वे स्थानकातली वाफ रंगवत होता. मोनेच्या वाफेत निळा, जांभळा, उन्हाचा पिवळा खेळतो. स्थानक, इंजिनं, माणसं तिला धरून असतात. देगाने सगळे आधार काढून घेतले, रंगही काढून घेतला. मोनेपाशी वाफेवरचा उजेड दिसतो. देगापाशी धुराचं वजन आणि धुराचं विरणं, दोन्ही एकाच काळ्या रंगात.

छपाई म्हणजे आवृत्ती, एकाच्या शंभर प्रती. छपाईचंच यंत्र देगाने एकाच प्रतीसाठी वापरलं. उरल्यासुरल्या शाईतून फार तर दुसरा, फिकट ठसा निघे. असे पुसट ठसे तो वाया घालवत नसे. त्यांच्यावर पेस्टलचे रंग चढवून त्याने झगझगीत रंगमंच आणि नर्तकी उभ्या केल्या. ती चित्रं लोकांना अधिक आवडली, आणि आवडावीत अशीच आहेत.

या चित्रावर मात्र पेस्टलचं एक बोटही नाही. रंगाचा एक हात फिरला असता तर धुराला आकार आला असता, सूर्यास्त आला असता, तो ढग झाला असता. देगाने तो धूरच राहू दिला. हात आवरता घेण्याची ही समज मला त्याच्या नर्तकींच्या तोलाइतकीच अवघड वाटते.