मुराई पुन्हा उठतो

युद्धकला कुठे संपते आणि लढतीचा खेळ कुठे सुरू होतो, असं विचारलं की लोक नियमांकडे बोट दाखवतात. पंच, गुण आले की खेळ. जिवावरचं असेल तर कला. अकिरा कुरोसावाचा पहिला चित्रपट ‘सान्शिरो सुगाता’ (१९४३) पाहताना ही वाटणी मला पटेनाशी झाली, जरी चित्रपट स्वतः शेवटी तिच्याच बाजूने झुकतो.

कथा ज्युदो आणि जुजुत्सूच्या चुरशीची. त्यातला गुरू यानो हा जिगोरो कानोवर बेतलेला. कानोने १८८२ साली तोक्योत कोदोकान सुरू केलं. घातक डाव त्याने मोकळ्या सरावातून बाजूला काढले. त्यामुळे उरलेले डाव, समोरचा पूर्ण ताकदीने विरोध करत असताना, रोज करून पाहता आले. मी सॉफ्टवेअरवाला आहे. कधीच चालवून न पाहिलेल्या कोडला मीही घातकच म्हणतो, पण वेगळ्या अर्थाने. म्हणजे नियमांनी कला पातळ झाली नाही, तपासता येण्याजोगी झाली.

चित्रपटातली सर्वांत चांगली लढत सान्शिरो आणि वयस्कर मुराईची आहे. मुराई आदळतो, उठतो, पुन्हा आदळतो, पुन्हा उठतो. नंतर सान्शिरो त्याच्या घरी जातो, तेव्हा त्याच्या मनात अढी नसते. याउलट हिगाकीबरोबरची अखेरची झुंज माळावर, वाऱ्यात, नियमांवाचून होते. दृश्य अप्रतिम आहे, पण हिगाकी खलनायकाच्या साच्यातला. तिथे सान्शिरोला जगायचं एवढंच असतं. मुराईसमोर त्याला आपल्या ताकदीचं काय करायचं हे ठरवावं लागतं. कुरोसावाने कळस चुकीच्या लढतीवर चढवला, असं माझं मत.

१९६४च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये ज्युदो आला. खुल्या गटात नेदरलँड्सच्या अँटोन गेसिंकने जपानच्या कामिनागाला हरवलं. आनंदाने मॅटवर धावून येणाऱ्या आपल्याच लोकांना त्याने हात दाखवून थांबवलं. ज्युदोचा खेळ झाला म्हणून हळहळणाऱ्यांनी तो हात पाहावा.

मराठीत आपण कुस्ती ‘खेळतो’ही आणि ‘लढतो’ही, भाषेला त्यात विसंगती वाटत नाही. मला फरक एवढाच दिसतो: हरलेला माणूस उद्या पुन्हा समोर उभा राहावा, याची काळजी जिंकणारा घेतो की नाही. ही काळजी नियमपुस्तक लिहून ठेवू शकतं. घ्यावी लागते ती लढणाऱ्यालाच.