जनुक कोणाकडून आले? : नववीच्या एका प्रकरणाविषयी

बालभारतीच्या इयत्ता नववीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या २०१७ च्या पाठ्यपुस्तकात ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ हे प्रकरण आहे. त्यात मेंडेलचे वाटाण्यावरील प्रयोग आहेत आणि पुढे विकारांचे चार गट दिले आहेत : गुणसूत्रांच्या संख्येतील बदलाने होणारे, एका जनुकातील बदलाने होणारे, तंतुकणिकांशी संबंधित आणि बहुजनुकीय. मांडणी सुटसुटीत आहे. सिकलसेलला दिलेली जागाही महाराष्ट्राच्या दृष्टीने योग्यच आहे. परंतु या चार कप्प्यांपैकी एकातही नीट न बसणारा एक विकार आहे. तो शिक्षकांना माहीत असावा, असे आम्हाला वाटते.

प्राडर-विली सिंड्रोम हा तो विकार. १९५६ साली झुरिचच्या प्राडर, लाबहार्ट आणि विली या डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले. साधारणपणे १५ ते २० हजार जन्मांमागे एका बालकात तो आढळतो. जन्मतः या बाळाचे स्नायू इतके शिथिल असतात की त्याला दूधही नीट ओढता येत नाही. काही वर्षांनी चित्र पार उलटते. भूक आणि तृप्ती यांचे नियमन करणारा मेंदूतील अधश्चेतक, म्हणजेच हायपोथॅलॅमस, आपले काम नीट करत नाही आणि कितीही खाल्ले तरी पोट भरल्याची जाणीव होत नाही. मूल सतत अन्न शोधते, लपवून ठेवते, दुसऱ्याच्या डब्यातले घेते. स्नायू कमी असल्याने त्याची ऊर्जेची गरज मात्र इतर मुलांपेक्षा कमी असते. साहजिकच वजन झपाट्याने वाढते. ठरलेला क्रम बदलला की संतापणे, एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारणे, कातडी खरवडणे ही लक्षणेही दिसतात.

या विकाराचे कारण शोधताना काय हाती लागले ते पाहू. १९८१ साली लेडबेटर व त्यांच्या सहकाऱ्यांना अशा काही मुलांच्या १५व्या गुणसूत्राचा लहानसा तुकडा गळालेला दिसला. १९८३ साली बटलर व पामर यांना आढळले, की तुकडा गळालेले गुणसूत्र वडिलांकडून आलेले असते. १९८९ साली निकोल्स व सहकाऱ्यांनी त्याहून चकित करणारी गोष्ट दाखवली. काही मुलांत काहीच गळालेले नव्हते, पण १५व्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रती आईकडूनच आल्या होत्या. जनुके पुरेशी असूनही विकार झाला होता!

याचे स्पष्टीकरण असे. या पट्ट्यातील काही जनुके आईकडून येणाऱ्या प्रतीत रासायनिक खुणांनी बंद केलेली असतात. चालू असते ती फक्त वडिलांची प्रत. ठाणे-डोंबिवलीकडच्या शिक्षकांना येथे शीळफाट्याचे उदाहरण घेता येईल. फाट्याला येणाऱ्या दोन रस्त्यांपैकी एक अडथळे लावून बंद ठेवला आहे असे समजा. दुसरा खचला, तर गाडी पोचणार नाही. दोन्हींवर अडथळे असले, तर एकही रस्ता न खचता वाहतूक बंद पडेल. नकाशात मात्र दोन्ही रस्ते दिसतच राहतील.

मेंडेलने नर आणि मादी यांची अदलाबदल करूनही संकर केले होते आणि निष्कर्ष तेच आले होते. म्हणून जनुक कोणाकडून आले याने फरक पडत नाही, असे आपण शिकवतो. बहुतेक जनुकांबाबत ते खरेच आहे. या प्रकरणात तो ‘बहुतेक’ शब्द राहून गेला, ही आमची पहिली तक्रार.

दुसरी तक्रार लठ्ठपणाविषयी. प्रकरणात तो बहुजनुकीय विकारांच्या यादीत येतो आणि सर्वसाधारण लठ्ठपणाबाबत ते बरोबर आहे. पण एवढेच वाचणारा विद्यार्थी प्रत्येक लठ्ठ मुलाला खादाड समजू शकतो. लठ्ठपणाला एकच नेमके कारणही असू शकते, एवढे एक वाक्य पुरले असते.

तिसरी गोष्ट शब्दाची. ‘आनुवंशिक विकार’ म्हटले, की तो घराण्यातून चालत आला असे लोक धरून चालतात आणि बोट बहुधा आईच्या माहेराकडे जाते. प्राडर-विलीच्या बहुसंख्य मुलांत ही घटना बीजपेशी तयार होताना किंवा गर्भधारणेच्या सुमारास अपघाताने घडलेली असते. त्यात दोष कोणाचाच नसतो. जनुकीय असलेले सारेच वंशपरंपरागत नसते, हे वर्गात स्पष्ट सांगायला हवे.

हा विकार बरा करणारे औषध अजून नाही. वाढीच्या संप्रेरकाचा स्नायूंना उपयोग होतो. या अनिवार भुकेवरचे पहिले औषध, डायझॉक्साइड कोलीन, अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये मान्य झाले. निदान मात्र रक्तातील डीएनएवरच्या खुणा तपासून जवळजवळ खात्रीने होते. भारताच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात या विकाराचा उल्लेख आहे आणि परळचे केईएम रुग्णालय त्या धोरणाखालील केंद्रांपैकी एक आहे. शीळफाट्याच्या परिसरातील पालकांना तेथवर जाणे अशक्य नाही. पण त्याआधी कोणाला तरी शंका यावी लागते, आणि ती शिक्षकाला येऊ शकते.

म्हणून डबा चोरणाऱ्या मुलाला शिक्षा करण्यापूर्वी त्याच्या आईला एक प्रश्न विचारावा : तान्हेपणी हा दूध नीट ओढत होता का? उत्तर ‘नाही’ असे आले, तर पालकांना डॉक्टरांकडे जाण्यास सुचवावे. निदान झालेले मूल वर्गात असेल, तर खाऊ बक्षीस म्हणून देऊ नये, डबे त्याच्या हाती लागतील असे ठेवू नयेत आणि जेवणाची वेळ रोज तीच ठेवावी. अशा मुलाच्या पालकांना घरातही हेच करावे लागते.