गोठलेला गुन्हा आणि उबदार विनोद : योनास योनासन यांच्या कादंबरीचा विचार

स्कँडिनेव्हियन गुन्हेगारी कादंबरी म्हटली की बर्फ, दीर्घ अंधार आणि एकाकी पोलीस अधिकारी ही सामग्री वाचकाच्या मनात आपोआप उभी राहते. माय श्योवाल आणि पेर वालू यांनी १९६५ ते १९७५ या काळात संयुक्तपणे लिहिलेल्या दहा कादंबऱ्यांनी या प्रकाराला समाजचिकित्सेचे गंभीर वळण दिले. स्टीग लार्सन यांच्या २००५ पासून प्रसिद्ध झालेल्या मरणोत्तर कादंबऱ्यांनी ते जगभर पोहोचविले. या पार्श्वभूमीवर २००९ मध्ये स्वीडिश भाषेत प्रसिद्ध झालेली योनास योनासन यांची ‘खिडकीतून उतरून नाहीसा झालेला शंभर वर्षांचा माणूस’ (शीर्षकाचा शब्दशः अर्थ) ही कादंबरी वेगळी ठरते. गुन्हेगारी कथेचा सारा सांगाडा ती वापरते. मात्र त्यातील गांभीर्य काढून घेते.

२ मे २००५ रोजी, आपल्या शंभराव्या वाढदिवशी, आलान कार्लसन वृद्धाश्रमाच्या खिडकीतून बाहेर पडतो. बसस्थानकावर एक गुंड तरुण क्षणभर सांभाळण्यासाठी सुटकेस देतो आणि आलान ती घेऊन बसमध्ये चढतो. सुटकेसमध्ये पाच कोटी क्रोनर असतात. पुढे यूलियस हा भुरटा चोर, बेनी हा सॉसेज विकणारा आणि सोन्या नावाची हत्तीण पाळणारी एक स्त्री या प्रवासात सामील होतात.

हा प्रवास वसंतातला आहे. नॉर्डिक कथेचा अपेक्षित हिवाळा लेखकाने एका शीतगृहात बंद करून ठेवला आहे. सुटकेस शोधत आलेल्या गुंडाला दोघे म्हातारे त्या खोलीत कोंडतात, थंडावा सुरू करतात, दारू पितात आणि यंत्र बंद करायचे विसरून झोपी जातात. सकाळी गुंड गोठून मेलेला असतो. खून म्हणावा तर हेतू नाही. अपघात म्हणावा तर दोघांना फारसा खेदही नाही. भरताने हास्याचा उगम शृंगारात आणि भयानकाचा बीभत्सात मानला. येथे बीभत्सातूनच हास्य निर्माण होते. निवेदनाचा स्वर प्रेताविषयी बोलतानाही हवापाण्याविषयी बोलल्यासारखा राहतो, म्हणूनच हे साधते.

रहस्यकथेची रचनाही उलटी केलेली आहे. वाचकाला सर्व काही ठाऊक असते, कायद्याला काहीच नाही. एक प्रेत जिबूतीत सापडते, दुसरे रिगामध्ये. आणि सरकारी वकील रानेलीड यांचा आत्मविश्वासाने उभारलेला आरोप कोसळतो. शेवटी आरोपींनी रचलेली अशक्यप्राय हकीकत त्यांना मुकाट्याने ऐकून घ्यावी लागते. कादंबरीतील सर्वांत सरस विनोद या भागात आहे.

आलानच्या पूर्वायुष्याची प्रकरणे मात्र इतकी समाधानकारक नाहीत. फ्रँको, ट्रुमन, स्टालिन, माओ अशा सत्ताधीशांच्या जगात हा स्फोटकतज्ज्ञ वावरतो आणि राजकारणात रस नसल्याचे पुनःपुन्हा सांगतो. माणूस पेला पुढे करतो की नाही, एवढीच त्याची कसोटी. प्रारंभी ही कसोटी मार्मिक वाटते, नंतर ती सवय बनते. व्लादिवोस्तोकच्या श्रमछावणीत काढलेल्या वर्षांत त्याला मुख्यतः व्होडकाची उणीव जाणवते, तेव्हा विनोद इतिहासाला उजळीत नाही, झाकतो.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. तरुणपणी आलानला उप्सालाच्या मनोरुग्णालयात ठेवले जाते आणि वंशशास्त्राचा एक प्राध्यापक शस्त्रक्रिया करून त्याची प्रजननक्षमता हिरावून घेतो. ही केवळ कल्पना नव्हे. उप्साला येथे १९२२ मध्ये शासकीय वंशजीवशास्त्र संस्था सुरू झाली, हर्मन लुंडबोर्ग तिचे प्रमुख होते. कादंबरीतील प्राध्यापकाचे आडनावही लुंडबोर्गच आहे. १९३४ च्या कायद्यापासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत स्वीडनमध्ये सुमारे ६३ हजार व्यक्तींची नसबंदी झाली, त्यांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे होते. अनेकांच्या बाबतीत संमती नाममात्र किंवा दडपणाखाली घेतलेली होती. बळींना भरपाई देण्याचा कायदा १९९९ मध्ये झाला. श्योवाल-वालूंनी ज्या कल्याणकारी राज्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, त्याचाच हा अपराध योनासन एखाद्या दैनंदिन नोंदीसारखा सांगून पुढे जातात.

ही अलिप्तता संवेदनशून्यता आहे काय, हा प्रश्न टाळता येत नाही. उत्तराचा धागा मोलोतोव्ह या मांजरात सापडतो. कोल्ह्याने ते मारल्यावर आयुष्यभर कशानेही न हललेला आलान सूडाला प्रवृत्त होतो आणि कोल्ह्याबरोबर स्वतःचे घरही उडवून देतो. वृद्धाश्रमाची वाट तेथूनच निघते. ज्याला अपत्य होऊ दिले गेले नाही, त्याचे दुःख शंभरीच्या उंबरठ्यावर एका मांजरापाशी येऊन प्रथमच व्यक्त होते. लेखक हा संबंध कोठेही उघड करीत नाही. २०१३ च्या फेलिक्स हेर्नग्रेन दिग्दर्शित चित्रपटाने मांजराचा प्रसंग आरंभालाच ठेवला, हे या दृष्टीने लक्षणीय आहे.