मराठी कथेतील कुमारवय

बाल्य सरून प्रौढत्व येण्याच्या संधिकाळातील मुलामुलींचे, विशेषतः त्यांच्यापुढील कठीण निवडीचे चित्रण करणारी कथा. कादंबरीला हे परिवर्तन दीर्घ कालपटावर दाखविता येते. गटेची विल्हेल्म माइस्टर याच्या शिक्षणकालावरील कादंबरी (१७९५–९६) हे त्याचे अभिजात उदाहरण होय. लघुकथा मात्र एखादाच प्रसंग निवडते आणि त्यापूर्वीचा व त्यानंतरचा मुलगा यांतील अंतर सूचित करते.

महाराष्ट्रात हे वय साहित्यविषय होण्यास सामाजिक स्थित्यंतर घडावे लागले. १८९१ च्या कायद्याने संमतिवय १० वरून १२ वर आणले. १९२९ च्या बालविवाह-प्रतिबंधक कायद्याने मुलीचे विवाहवय १४ ठरविले. त्या काळी मुलगी बाल्यातून थेट सासरी जाई, तर कष्टकऱ्याचा मुलगा थेट कामाला लागे. शाळेमुळे या दोन अवस्थांमध्ये काही वर्षांचा अवकाश निर्माण झाला. साने गुरुजींच्या श्यामची आई (१९३५) मध्ये मुलाची घडण हाच विषय आहे. तथापि योग्य काय, हे तेथे आईला ठाऊक असते व श्यामला ते पत्करावयाचे असते.

स्वातंत्र्योत्तर कथेत ही निश्चिती ढळली. व्यंकटेश माडगूळकरांच्या माणदेशी माणसं (१९४९) मधील ‘झेल्या’ या व्यक्तिचित्रात खेड्यातील शाळकरी मुलगा उपदेशाचा विषय न राहता स्वतंत्र व्यक्ती म्हणून उभा राहतो. बाबूराव बागूल यांच्या ‘आई’ या कथेत वर्गात शिकविले जाणारे मातृप्रेम आणि वस्तीतील विधवा आईविषयीची कुजबूज यांच्या कात्रीत मुलगा सापडतो. आईच्या जगण्यातील अपरिहार्यता वाचकाला दिसते, मुलाला दिसत नाही; म्हणून त्याचे घरापासून पळणे हा मुक्तीपेक्षा पराभवच ठरतो. ऊर्मिला पवार यांच्या ‘कवच’ मध्ये आंबे विकणाऱ्या आईला उद्देशून केलेल्या द्व्यर्थी बोलण्याने मुलगा लाजतो व चिडतो. पण तिची रोखठोक वाणी हेच तिचे कवच असल्याचे तेथे उलगडते. आईची लाज बाळगावी की तिला समजून घ्यावे, हा दोन्ही कथांतील पेच एकच आहे. त्याची उत्तरे मात्र परस्परविरोधी आहेत.

प्रकाश नारायण संत (१९३७–२००३) यांनी वनवास (१९९४), शारदा संगीत (१९९७), पंखा (२००१) व झुंबर (२००४) या संग्रहांतून लंपन या एकाच मुलाच्या कथा लिहिल्या. आईवडिलांपासून दूर, सीमाभागात आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या लंपनचे कानडी वळणाचे बोलणे आणि मोठमोठे आकडे पेरण्याची लकब यांमुळे अनुभव मुलाच्याच दृष्टीतून साकारतो. प्रौढ निवेदकाचे स्मरणरंजन संतांनी कटाक्षाने टाळले, हे त्यांचे मोठे यश होय.

उपर्युक्त कथांतील मुले बहुतांशी शाळेच्या कक्षेतील आहेत, ही या परंपरेची मर्यादाही म्हणता येईल. बारामती व इंदापूर तालुक्यांत १८८५ च्या नीरा डाव्या कालव्याने बागायत आणि जिरायत असे दोन प्रदेश शेजारी-शेजारी निर्माण केले. उसाच्या हंगामात मराठवाड्यातून येणाऱ्या तोडणी कामगारांची मुलेही येथील फडावर असतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण वयाच्या १४ व्या वर्षापर्यंतच आहे. म्हणजे निवड सर्वांत कठीण होते, तेथेच ते संपते. कोयता धरावा की दहावीला बसावे, हा प्रश्न अशा मुलामुलींपुढे प्रत्यक्ष उभा राहतो. कुमारवयाच्या कथेचे सामर्थ्य केवळ हळुवारपणावरून जोखणे म्हणूनच अपुरे ठरते; ज्यांना हे वय पुरतेपणी लाभतच नाही, त्यांच्या निवडीलाही ती किती न्याय देते, हा तिचा खरा निकष होय.