जनुक-नियंत्रणाचा अर्धा धडा

बारावीच्या वर्गात जनुकांच्या नियंत्रणाचा विषय निघाला की फळ्यावर ठरलेली आकृती येते, ती लॅक ओपेरॉनची. ई. कोलाय जिवाणूला दुग्धशर्करा मिळाली की दमनकारी प्रथिन डीएनएवरून सुटते, प्रतिलेखन सुरू होते आणि शर्करा वापरण्यासाठी लागणारी विकरे तयार होतात. शर्करा संपली की काम थांबते. फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये मांडलेली ही कल्पना सुंदर आहे. १९६५ च्या नोबेल पारितोषिकाचे ते दोघे आंद्रे ल्वॉफ यांच्यासह मानकरी ठरले. हा भाग शिकवायलाच हवा. अडचण इतकीच, की आपला धडा तिथेच संपतो.

एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात दृश्यकेंद्रकी सजीवांमधील नियंत्रणाच्या चार पातळ्या दिल्या आहेत: प्रतिलेखन, आरएनएवरील प्रक्रिया, केंद्रकाबाहेरील वाहतूक आणि भाषांतरण. यादी योग्य आहे, पण तिच्यात दोन उणिवा आहेत. पहिली म्हणजे, सविस्तर उदाहरण फक्त प्रतिलेखनाचे, तेही जिवाणूतले. दुसरी अधिक गंभीर. तयार झालेला संदेशवाहक आरएनए किती काळ टिकतो, हा मुद्दा यादीत नाहीच. परिणामी ‘जनुक चालू होणे’ म्हणजे ‘प्रतिलेखन सुरू होणे’ असे समीकरण विद्यार्थ्याच्या मनात पक्के होते.

हे समीकरण कोठे कोलमडते, ते पाहण्यासाठी काळा आजार घडवणाऱ्या लेशमानिया या एकपेशीय परजीवीच्या कुळाकडे जाऊ. भारतात या रोगाचा सर्वांत मोठा भार बिहारने सोसला आहे. वाळूमाशीच्या आतड्यात हा जीव लांबट असतो आणि त्याला लांब कशाभिका असते. माशी चावल्यावर तो माणसाच्या भक्षकपेशीत शिरतो आणि गोलसर होतो. माशीच्या शरीराचे तापमान परिसराबरोबर बदलते, माणसाच्या शरीरात ते ३७ अंश सेल्सिअस असते. इतके स्थित्यंतर पेलायचे तर प्रथिनांचा संच बदलायला हवा. लॅक ओपेरॉन शिकलेला विद्यार्थी म्हणेल, प्रत्येक जनुकापुढचे बटण चालू किंवा बंद होत असेल. लेशमानियात तशी स्वतंत्र बटणे जवळजवळ नाहीतच.

लेशमानिया मेजर या जातीच्या पहिल्या गुणसूत्राचा क्रम १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरील ७९ जनुकांपैकी ओळीने २९ डीएनएच्या एका धाग्यावर आणि उरलेली ५० दुसऱ्या धाग्यावर आढळली. कामाच्या दृष्टीने एकमेकांशी संबंध नसलेल्या जनुकांची अशी लांबच लांब रांग सलग वाचली जाते. मग त्या लांब आरएनएचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्याशी सुमारे ३९ न्यूक्लिओटाइडांचा एकच ठरावीक भाग जोडला जातो. कार्यालयात सगळीच पत्रे टंकलिखित व्हावीत, आणि कोणते टपालात जाईल व कोणते रद्दीत, हे नंतर ठरावे, तसा हा कारभार आहे.

हे ‘नंतर ठरणे’ कसे घडते? लेशमानियातील ‘एचएसपी ८३’ या प्रथिनाचे उदाहरण पाहा. तापमान वाढल्यावर त्याच्या जनुकाचे प्रतिलेखन वाढत नाही. त्याचा संदेश मात्र अधिक टिकतो आणि त्याचे भाषांतरण वाढते. यासाठी लागणारी खूण संदेशाच्या शेपटाकडे, प्रथिनाची माहिती संपल्यानंतरच्या भागात असते. आफ्रिकेतील निद्रारोगाचा ट्रिपॅनोसोमा ब्रुसाय हा याच कुळातला. आरएनएला चिकटणाऱ्या ‘आरबीपी ६’ या एकाच प्रथिनाचे प्रमाण वाढवल्यावर, त्सेत्से माशीच्या आतड्यात आढळणाऱ्या अवस्थेतील पेशी प्रयोगशाळेतच संसर्गक्षम अवस्थेपर्यंत पोहोचल्या, असे २०१२ मध्ये दाखवण्यात आले.

याला अपवादही आहेत. ट्रिपॅनोसोमा ब्रुसाय रक्तात असताना अंगावरील प्रथिन-आवरणाच्या अनेक जनुकांपैकी एका वेळी एकच वाचतो. तेथे प्रतिलेखनाचेच नियंत्रण असते. म्हणून ‘या जीवांत प्रतिलेखनाचे नियंत्रण मुळीच नाही’ असे शिकवणे म्हणजे एका अतिसुलभ विधानाच्या जागी दुसरे आणणे होईल.

हा भेद परीक्षेपुरता नाही. औषधांना दाद न देणाऱ्या लेशमानियात अनेकदा एखाद्या जनुकाच्या प्रतींची, कधी अख्ख्या गुणसूत्राची संख्या वाढलेली आढळते. ज्या जीवाला एकाच जनुकाचे वाचन स्वतंत्रपणे वाढवणे अवघड, त्याच्यासाठी प्रती वाढवणे हा प्रथिन वाढवण्याचा एक मार्ग ठरतो. केवळ लॅक ओपेरॉन शिकलेल्या विद्यार्थ्याला या निरीक्षणाचा अर्थ लावता येणार नाही. उद्या यांतलेच काही विद्यार्थी डॉक्टर आणि संशोधक होणार आहेत.

पुस्तक बदलायला वर्षे लागतील, पण एक तासिका बदलायला परवानगी लागत नाही. लॅक ओपेरॉन संपल्यावर वर्गाला विचारावे: ‘सगळी जनुके सारख्याच वेगाने वाचली जात असतील, तर प्रथिने कमी-जास्त कशी करता येतील?’ मुलांना विचार करू द्यावा. संदेश लवकर मोडणे, त्याचे भाषांतरण रोखणे, जनुकाच्या प्रती वाढवणे ही उत्तरे थोड्या मदतीने ती स्वतःच काढतील. मग पुस्तकातील चार पातळ्यांच्या यादीखाली ‘संदेशाचा टिकाऊपणा’ ही पाचवी ओळ त्यांच्याच हातून लिहून घ्यावी.