कुलसूमची 'कुलथुम' कशी झाली?

मराठी नियतकालिकांत परदेशी गायक-वादकांवर अधूनमधून चांगले लेख येतात. लिहिणारे मनापासून ऐकणारे असतात, हे जाणवते. पण नावापाशी आलो की आम्ही अडखळतो. इजिप्तची थोर गायिका 'उम कुलथुम' म्हणून छापलेली दिसते. कोकणातल्या वाचकाला त्यात कुळथाच्या पिठीचा वास येईल. आमच्या घराघरांत कुलसूमखाला, कुलसूमबी आहेत, प्रेषितांच्या एका कन्येचे नावही उम्मे कुलसूम. तरी छापील नावातली ही बाई आम्हांला ओळखू येत नाही.

गफलत उघड आहे. नाव अरबीतून इंग्रजीत गेले आणि तिथल्या स्पेलिंगवरून मराठीत उतरले. मूळ नावात 'से' हे अक्षर आहे. ग्रांथिक अरबीत जिभेचे टोक दातांत धरून त्याचा उच्चार होतो. इंग्रजीने तो टी-एच असा लिहिला, मराठीने सरळ 'थ' केला. खुद्द कैरोत लोक 'कलसूम' म्हणतात. म्हणजे आमची खाला कैरोला अधिक जवळची.

वाद्यांचेही तेच. 'औड' वाचून काही बोध होत नाही. ते ऊद. अरबीत ऊद म्हणजे लाकूड. वाद्यही ऊद आणि दर्ग्यात जळतो तोही ऊद. मांडीवर ठेवून छेडायचे तंतुवाद्य 'कानून', कायद्याचा शब्दही तोच. अरबी संगीतातला 'मकाम' तर मराठी पत्रावरच्या 'मुक्काम पोस्ट'चा सख्खा भाऊ. हे शब्द मराठीच्या अंगणात केव्हाचे आहेत, आणि आम्ही त्यांना लंडनवरून बोलावतो.

इथवर लिहून कॉलर ताठ करावीशी वाटते. पण आम्ही उर्दूवालेही सर्रास 'मोझार्ट' म्हणतो. जर्मनमध्ये त्या जागी 'त्स' आहे, चोर आणि चमचा यांतल्या मराठी 'च'च्या अगदी जवळचा. मराठी माणसाच्या तोंडात हा आवाज जन्मापासून आहे, आमच्या मुलांना तो मुद्दाम शिकावा लागतो. त्यांचा 'चोर' ऐकून हसणारे मराठी सद्गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. तेच पुढच्या वाक्यात 'मोझार्ट' म्हणतात.

आणि आम्ही शिक्षक? दखनी घरातले मूल 'कलम'ला 'खलम' म्हणते, 'काजी'ला 'खाजी'. आम्ही भर वर्गात त्याला थांबवतो, बाकीची मुले हसतात, ते मूल पुढे आठवडाभर हात वर करीत नाही. तलफ्फुज सुधारल्याचे समाधान मात्र आम्हांला मिळते.

उम्मे कुलसूम ऐकताना हे समाधान टिकत नाही. तिचे वडील खेड्यातल्या मशिदीचे इमाम. लहानपणी कुराणपठणाचे संस्कार झाले, आणि शब्द स्वच्छ उच्चारण्याबद्दल ती पुढे आयुष्यभर नावाजली गेली. १९६६ साली तिने गायिलेला 'अल-अतलाल' हा कसीदा ग्रांथिक अरबीत आहे. त्यात 'काफ' घशातून, पूर्ण वजनाने येतो. १९६४चे 'इन्त उम्री' बोलीतले. कैरोच्या बोलीत हाच 'काफ' गळून पडतो, 'कल्ब'चे नुसते 'अल्ब' होते. तिथे हे अडाणीपणाचे लक्षण मानत नाहीत. तीच बाई, तोच गळा. कसीद्यात एक उच्चार, बोलीगीतात दुसरा. दोन्ही बरोबर.

मग आमच्या 'खलम'ने काय घोडे मारले? उर्दूचा धडा वाचताना 'काफ' शिकवावा, तो आमचा पेशाच आहे. मधल्या सुट्टीत मुलाने 'खलम' मागितला तर मुकाट्याने द्यावा.

नावांच्या बाबतीत मात्र आम्ही हट्ट सोडणार नाही, आपल्याच लोकांशीही नाही. अब्देल हलीम हाफेझ या गायकाचे 'अब्दुल हलीम हाफिज' करा, असे आमचे एक स्नेही म्हणतात. आम्हांला पटत नाही. त्याच्या गावाने त्याला 'अब्देल' म्हटले, तर मराठीतही 'अब्देल' चालेल. 'कुलथुम' मात्र कुठल्याच गावात कोणी म्हटलेले नाही. संपादकांनी पुढच्या खेपेला निदान तेवढे दुरुस्त करावे, आणि 'औड'ही.