गरज कोणाची?

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांनी इतर ज्ञानशाखांकडून विचारांची बरीच उसनवारी केली आहे. वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांचे कर्ज त्यांत मोठे. त्यांचे 'नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म' हे पुस्तक १९६४ साली निघाले. रचनेच्या सर्व गरजा मांडाव्यात, कोणती गरज कोणत्या गरजेशी गुंतली आहे ते पाहावे आणि आतून घट्ट पण परस्परांशी सैल असे गट पाडावेत, ही त्यातील रीत. स्टीव्हन्स, मायर्स आणि कॉन्स्टंटाइन यांनी १९७४ साली आज्ञावलीच्या रचनेविषयी याच धर्तीचा विचार मांडला. आज तो पाठ्यपुस्तकांत आहे.

पण अलेक्झांडर यांनी ही रीत चालवून दाखवली ती भारतातील सहाशे वस्तीच्या एका खेड्यावर, हे क्वचितच सांगितले जाते. खेड्याच्या गरजांची यादी १४१ कलमांची. पहिलेच कलम हरिजनांचा विटाळ मानला जातो, हे. जातीने आपला धंदा धरून राहणे, जातीजातींनी वेगळे राहणे, हीही कलमेच. अस्पृश्यता निवारणाचा क्रमांक २१ वा. गटांची विभागणी आयबीएम ७०९० यंत्राने केली. विटाळ पाळणे आणि विटाळ संपवणे, यंत्राच्या लेखी दोन्ही यादीतल्या दोन ओळी!

माझा आक्षेप अलेक्झांडर यांच्या हेतूवर नाही. निवारणाची नोंद त्यांनीच केली आहे. तुमच्या रचनांनी माणसाचे जगणे सुधारते काय, हा प्रश्न १९९६ साली सॅन होजे येथे प्रोग्रॅमरांच्या परिषदेत त्यांनीच विचारला. माझा आक्षेप 'गरज' या शब्दावर आहे. विटाळ ही गावाची गरज असेल, तर कोणत्या गावाची? गावकुसाबाहेरच्या माणसाची ती गरज कधी होती? 'आत घट्ट, बाहेर सैल' हा आज्ञावलीत गुण ठरतो. गावात त्याच रचनेला महारवाडा, मांगवाडा म्हणतात. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या गौरवाला नकार दिला, त्यामागे हा पिढ्यांचा अनुभव होता.

आज आमची मुलेही पुण्या-बंगळूरात आज्ञावल्या लिहितात. त्यांनी ही रीत जरूर शिकावी. पण गरजांची यादी हाती आली की आधी विचारावे: ही गरज कोणाची, आणि तिचा भार कोणाच्या माथी? यंत्र हे विचारणार नाही.